उन्हाळ्यातील बारा आठवडे आणि एक मूक सोबत : ऑनलाइन सहकार्य-सत्रांच्या सेवेचे परीक्षण

वर्षाच्या सुरुवातीला मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. पहिली, माझ्या क्षेत्रातील एक व्यावसायिक परीक्षा देऊन वर्षअखेरीपूर्वी नोकरी बदलायची. आणि दुसरी, घरखर्चाच्या सहा महिन्यांइतकी रक्कम राखीव म्हणून बाजूला टाकायला सुरुवात करायची. पहिले काही महिने दोन्ही कामे बऱ्यापैकी चालली. उन्हाळा तापू लागला तसे अभ्यासाचे पुस्तक पाचव्या प्रकरणावर अडले, अर्ज करायच्या कंपन्यांची यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेली तशीच राहिली आणि सलग दोन महिने बचतीच्या खात्यात एक रुपयासुद्धा गेला नाही. आळस म्हणून स्वतःला दोष देण्यात आणखी एक महिना गेला. त्यानंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून मी ज्या सेवेची वर्गणी भरली, तिचा बारा आठवडे नियमितपणे वापर केल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण अशा सेवा आता बऱ्याच आहेत, त्यांची रीत सारखीच आहे आणि मला जे सांगायचे आहे ते त्या रीतीबद्दल आहे. संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत आपण २५ किंवा ५० मिनिटांचे एक सत्र निवडतो. त्याच वेळेला काम करू इच्छिणारी दुसरी एखादी व्यक्ती, बहुधा पूर्णपणे अनोळखी आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातील, आपल्याशी जोडली जाते. पहिल्या मिनिटात दोघांनी आपण या सत्रात काय करणार ते सांगायचे, मग आवाज बंद करून आणि कॅमेरा चालू ठेवून आपापले काम करायचे, आणि शेवटच्या दोन मिनिटांत काय झाले ते एकमेकांना सांगून निरोप घ्यायचा. यापलीकडे या सेवेत मार्गदर्शन नाही, व्याख्याने नाहीत, प्रेरणादायी संदेशही नाहीत.

माझे पहिले सत्र एका वयस्कर गृहस्थांबरोबर झाले. माझ्याकडे पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि खिडकीला ओला पडदा लावलेला होता. ते मात्र लोकरीची टोपी घालून बसले होते आणि त्यांच्या मागच्या काचेवर बाष्प धरलेले दिसत होते, कारण ते राहतात त्या गोलार्धात तेव्हा ऐन हिवाळा होता. त्यांना कराचे कागद लावायचे होते. मी सांगितले, "मी पाचवे प्रकरण वाचणार आहे." त्यांनी अगदी सहज विचारले, "किती पाने वाचणार?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुस्तक उघडून, पाने मोजून मी "आठ" म्हटले, आणि सत्र संपले तेव्हा सहा झाली होती. गेल्या पाच आठवड्यांत त्या प्रकरणाचे एकही पान उलटले गेले नव्हते, त्यामुळे ही सहा पाने मला फार मोलाची वाटली.

त्या प्रश्नाने नेमके काय साधले, हे मला नंतर वाचनातून उमगले. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकापासून अशी मांडणी केली आहे की "मी अमुक करणार" असा नुसता संकल्प आणि "अमुक वेळ झाली की, अमुक ठिकाणी बसून, मी अमुक करणार" अशी बांधलेली योजना यांच्या परिणामांत मोठा फरक असतो. पास्कल शीरन यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बांधलेल्या योजनेचा उद्दिष्ट गाठण्यावरील परिणाम मध्यम ते मोठा असल्याचे दिसून आले. ही सेवा हे तत्त्व कुठेही उच्चारत नाही, पण तिची सगळी रचना आपल्याकडून ते वदवून घेते. वेळ आधी निवडावी लागते, जागा कॅमेऱ्यासमोरची असते आणि काम तोंडाने सांगावे लागते. उन्हाळ्यात गळून गेलेला उत्साह परत यावा म्हणून मी इतके दिवस वाट पाहत होते, आणि इथे उत्साहाची चौकशी न करताच काम सुरू होत होते.

तरीही पहिले तीन आठवडे वाया गेल्यासारखेच होते, आणि त्याचा दोष बराचसा माझ्या निवडीकडे जातो. सेवेच्या दिनदर्शिकेत ज्या वेळांना जास्त लोक असतात त्या ठळक दाखवलेल्या असतात, आणि माझ्या घड्याळानुसार त्या भर दुपारच्या होत्या. दुपारी तीन वाजता तापलेल्या खोलीत, घामाने चिकटणाऱ्या हातांनी आकडेमोड करायला बसणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. त्या तीन आठवड्यांत मी पंधरा सत्रे ठरवली, त्यांतील सात आयत्या वेळी रद्द केली, आणि जी पूर्ण केली त्यांतही एकच परिच्छेद चार-चार वेळा वाचत राहिले.

यामागे केवळ मनाचा कमकुवतपणा नाही, हे मला इथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. अमेरिकेतील बॉस्टन येथे २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत ४४ निरोगी तरुण विद्यार्थ्यांचा १२ दिवस अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहात झोपणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सकाळच्या चाचण्यांत प्रतिसादाचा वेळ सुमारे १३ टक्क्यांनी अधिक लागला, आणि साध्या बेरीज-वजाबाकीतही ते जवळपास तेवढेच मागे पडले. हे लोक आजारी किंवा वृद्ध नव्हते, आणि चाचण्या दुपारच्या उन्हात नव्हे, तर सकाळी उठल्याबरोबर झाल्या होत्या. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान रात्री थोडे उतरावे लागते. खोली तापलेली राहिली की त्वचेवाटे उष्णता बाहेर टाकण्याचे काम नीट होत नाही, गाढ झोप कमी होते, आणि दुसऱ्या दिवसाच्या निर्धाराची शिदोरी रात्रीच संपून जाते. करिअरबद्दल आपल्याला आता काही वाटतच नाही, असा समज करून घेण्याआधी माणसाने आपल्या रात्रीच्या खोलीचे तापमान पाहावे, असे मला आता मनापासून वाटते.

चौथ्या आठवड्यापासून मी सत्रे पहाटे सहाला हलवली आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही खिडक्या उघडून हवा खेळती ठेवण्याचा नेम केला. त्या वेळेला जोडीदार मिळेल का, अशी शंका होती. पण माझी पहाट ही कुणाची तरी दुपार आणि कुणाची तरी संध्याकाळ असतेच, त्यामुळे एखाद-दुसरा अपवाद सोडला तर सोबत मिळाली नाही असे झाले नाही. जगभर पसरलेल्या सदस्यसंख्येचा हा लाभ स्थानिक अभ्यासिकेत कधीच मिळाला नसता. त्या पुढच्या नऊ आठवड्यांत मी ३६ सत्रे ठरवली आणि त्यांतील ३१ पूर्ण केली.

आता या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते. कुठल्या कामासाठी ही सोबत उपयोगी पडते आणि कुठल्या कामात ती आड येते, याचे भान सेवा आपल्याला देत नाही. ते अनुभवानेच येते. माणसे इतरांच्या उपस्थितीत अधिक जोमाने काम करतात, हे निरीक्षण जुने आहे. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा इतरांबरोबर धावणारे स्वार अधिक वेगवान आढळले. मात्र रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६५ मध्ये या विषयातील गोंधळ उलगडून दाखवला तो असा, की इतरांच्या उपस्थितीमुळे सरावाचे, सोपे काम सुधारते, तर नवे आणि अवघड काम बिघडण्याची शक्यता वाढते. माझ्या बारा आठवड्यांच्या नोंदवहीत हेच लिहिलेले आहे. रेझ्युमे अद्ययावत करणे, अर्जांचे फॉर्म भरणे, जुन्या वरिष्ठांना शिफारशीसाठी पत्र लिहिणे, मागील महिन्याच्या खर्चाची नोंद पूर्ण करणे, ही कंटाळवाणी पण येणारी कामे या सत्रांत झपाट्याने उरकली. जी अकरा अर्जपत्रे चार महिने रखडली होती ती सहा सत्रांत गेली. परंतु परीक्षेच्या सातव्या प्रकरणातील, मला अजिबात न समजलेल्या संकल्पनेशी झटापट करताना समोरच्या चौकटीतला अनोळखी चेहरा सारखा जाणवत राहिला. आपण नुसते बसून आहोत असे त्याला वाटेल या संकोचाने मी विचार करायचा सोडून उगाच काहीतरी लिहीत राहिले. ते प्रकरण शेवटी एकटीने, दार बंद करून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच सुटले. म्हणून अवघड अभ्यास एकट्याने आणि अभ्यासाभोवतीची कामे सोबतीने, अशी वाटणी मी करून घेतली.

दुसरे उद्दिष्ट पैशांचे होते, आणि तिथे माझा अनुभव संमिश्र आहे. नोंदणी करतानाच्या फॉर्ममध्ये 'आर्थिक उद्दिष्ट' असा रकाना आहे आणि त्यात एक आकडा भरून तारीख द्यावी लागते. मी सहा महिन्यांच्या खर्चाचा आकडा भरला आणि दर शनिवारी त्यासाठी एक सत्र राखून ठेवले. पहिल्या शनिवारी खात्याचा उतारा ओळीने वाचताना, मी वर्षभर न वापरलेल्या तीन सेवांची वर्गणी दरमहा जात असल्याचे लक्षात आले, आणि ते सत्र संपण्यापूर्वी तीनही बंद केल्या. एवढ्यापुरता लाभ निःसंशय झाला. पण दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी तपासण्यासारखे काही उरले नाही, आणि रकान्यातील तो मोठा आकडा दर आठवड्याला तसाच समोर दिसू लागला की पोटात खड्डा पडू लागला.

त्यामागचे गणित त्या रकान्याने सांगायला हवे होते. उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम जो बाजूला टाकतो, त्याचा खर्च उरलेला ९० टक्के असतो; म्हणजे एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम साठायला त्याला ९ महिने लागतात आणि सहा महिन्यांच्या खर्चाला ५४ महिने. बचत २० टक्क्यांवर नेली तर साठणारी रक्कम वाढते आणि भागवायचा खर्चही घटतो, म्हणून एका महिन्याच्या खर्चाला ४ महिने आणि सहा महिन्यांच्या खर्चाला २४ महिने पुरतात. व्याज यात धरलेले नाही. हा हिशेब कागदावर मांडल्यावर माझे दोन गैरसमज गेले. माझी गती मंद आहे म्हणून आकडा दूर दिसतो असे नव्हते, तो मुळातच साडेचार वर्षांचा रस्ता होता; आणि एका उन्हाळ्यात हाती येण्याजोगे उद्दिष्ट म्हणजे पहिल्या महिन्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा, इतकेच होते. मी रकान्यातला आकडा बदलून तोच तिसरा हिस्सा लिहिला, आणि शनिवारची धास्ती गेली.

शिवाय बचत ही कुणाच्या सोबतीने बसून करण्याची गोष्टच नाही, हे मान्य करावे लागले. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्टझी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कर्मचाऱ्यांकडून आजचा पगार कापून घेण्याऐवजी, पुढील प्रत्येक पगारवाढीबरोबर बचतीचा वाटा आपोआप वाढेल अशी संमती आधीच घेतली होती. ज्या पहिल्या कंपनीत हा प्रयोग झाला तिथे ही योजना स्वीकारलेल्यांचा बचतीचा सरासरी दर ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला, आणि त्यासाठी त्यांना दरमहा मनाशी झगडावे लागले नाही. मी एका शनिवारच्या सत्रात बँकेला पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात वर्ग करण्याची कायम सूचना दिली. त्याला अकरा मिनिटे लागली. त्यानंतर पैशांसाठी वेगळे सत्र घेण्याची गरज उरली नाही, आणि तीन पगारांनंतर तो तिसरा हिस्सा खात्यात जमा आहे. या सेवेने मला ती अकरा मिनिटे मिळवून दिली याबद्दल मी ऋणी आहे, मात्र 'आर्थिक उद्दिष्ट' म्हणून ती जे दाखवते ते निव्वळ एका रकान्यापलीकडे जात नाही, हेही तितकेच खरे आहे.

तक्रारीही आहेत, आणि त्यांतील पहिली मला गंभीर वाटते. सेवेच्या मुखपृष्ठावर सलग किती दिवस आपण सत्र केले याचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो. सहाव्या आठवड्यात उन्हाचा त्रास होऊन मी दोन दिवस अंथरुणावर होते, आणि परत आले तेव्हा १९ च्या जागी शून्य उभे होते. त्या शून्याने मला जितके नाउमेद केले तितके आजारपणानेही केले नाही. पुढचे चार दिवस मी संकेतस्थळ उघडलेच नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग घेऊन २०१० मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा काळ लागल्याचे आढळले, मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि एखादी संधी चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नव्हती. असे असताना एका खाड्यासाठी सगळी कमाई पुसून टाकणारी मोजणी ही माणसाला कामापासून तोडणारी आहे. ती बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण तीन पानांखाली दडलेली आहे. नव्या सदस्याने पहिल्याच दिवशी ती शोधून बंद करावी.

दुसरी तक्रार वर्गणीची आहे. मी तीन महिन्यांची वर्गणी भरली असताना मुदत संपण्याच्या आठ दिवस आधीच, एकही सूचना न देता, वर्षभराची रक्कम कापली गेली. खर्चावर लक्ष ठेवायला शिकवणाऱ्या सेवेकडून हे व्हावे याचे मला वाईट वाटले. ग्राहक सेवेला चार ईमेल पाठवल्यानंतर अकराव्या दिवशी रक्कम परत मिळाली, आणि उत्तरात दिलगिरी होती, पण पुढे असे होणार नाही असा शब्द नव्हता. अशी कुठलीही वर्गणी भरताच तिचे आपोआप होणारे नूतनीकरण त्याच बैठकीत बंद करून टाकावे.

जोडीदार न येणे हा प्रकार दर दहा सत्रांत साधारण एकदा घडतो. तेव्हा दोन-तीन मिनिटांत दुसरी व्यक्ती जोडली जाते, त्यामुळे तो फारसा खटकत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मी बचतीवर काम करत असल्याचे सांगितल्यावर एका जोडीदाराने सत्र सुरू असतानाच लेखी संदेशातून हमखास परताव्याची कुठलीशी योजना सुचवायला सुरुवात केली. मी तक्रारीचे बटण दाबले आणि दुसऱ्या दिवशी ते खाते बंद झाल्याचे मला कळवण्यात आले. या तत्परतेचे श्रेय सेवेला द्यायलाच हवे. त्यानंतर मी पैशांच्या कामाला "कागदपत्रे लावणार" एवढेच म्हणते, आणि कॅमेरा अशा कोनात ठेवते की टेबलावरचा कागद त्यात येत नाही.

ही सेवा कुणी घ्यावी, असे मला विचारले तर मी म्हणेन की जे एकटे काम करतात, ज्यांची पत्रे, अर्ज, नोंदी अशी बारीक कामे साठून राहिली आहेत आणि ज्यांना काय करायचे ते ठाऊक असूनही बसकण मारणे जमत नाही, त्यांनी ती जरूर घ्यावी. कोणत्या दिशेने जायचे हेच ज्यांचे ठरलेले नाही त्यांना इथे उत्तर मिळणार नाही, कारण समोरचा माणूस तुमचे ऐकून घेतो, सल्ला देत नाही. आणि जे खरोखर थकलेले आहेत, ज्यांची झोप महिनोन्महिने पुरी झालेली नाही, त्यांनी ही वर्गणी भरण्यापूर्वी काही दिवस विश्रांती घ्यावी, कारण दमलेल्या माणसाला आणखी एक हजेरीपट देऊन काहीच साधत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर बाराव्या आठवड्याच्या शेवटी परीक्षेचा अर्ज भरला गेला आहे, नऊ प्रकरणे संपली आहेत, दोन राहिली आहेत, आणि अकरा अर्जांतून तीन मुलाखती आल्या, त्यांतील एक दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचली आहे. वार्षिक वर्गणी मी घेतलेली नाही. आठवड्यातून तीन सत्रे मोफत करता येतात, आणि बुधवार, शुक्रवार व रविवारच्या पहाटेला ती मला पुरेशी आहेत.